काठ झाला, पाणी राहिलं

तैलरंगांची पेटी आमच्या घरात आली ती डायलिसिस सुरू झाल्यानंतर. क्रम मुद्दाम सांगते, कारण पुढे बरेच जण म्हणायचे की त्या रंगांच्या वासानंच आजार झाला. तसं नव्हतं. आजार आधी, रंग नंतर.

माझे मिस्टर कर्जतला हायस्कूलमध्ये चित्रकलेचे शिक्षक होते. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही इथे तेच म्हणते. मी तहसील कचेरीत कारकून होते. नव्वदीच्या दशकाचा मध्य होता, लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, मूलबाळ नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे अंगण. घरात आम्ही दोघं आणि मास्तरांची आई. सासूला मी आत्या म्हणायचे, आमच्याकडे तशीच रीत आहे.

मास्तरांचा चेहरा सकाळी सुजलेला दिसायचा. आम्ही म्हटलं, जागरण. शाळेत स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायचं काम चालू होतं, जागरण होतंच. मग पायावर सूज आली, जेवण जाईना, आणि नगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्यात. ब्लडप्रेशर कधीपासून वाढलेलं होतं कोणास ठाऊक. कुणी मोजलंच नव्हतं.

डॉक्टरांचं बोलणं सरळ होतं. आठवड्यातून दोनदा नगरला मशीन, आणि त्या दरम्यान पुण्याला किडनी बदलायची तयारी. आत्या तिथल्या तिथे पदर खोचून उभ्या राहिल्या. "माझी घ्या. आत्ता घ्या." त्यांची शुगर तपासली, ती भलतीच निघाली. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमची चालणार नाही." नगरहून कर्जतपर्यंत एस.टी.त त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "नऊ म्हैने पोटात ऱ्हायला, आन आता म्हनं चालत न्हाई."

माझा रक्तगट जुळला. तपासण्या सुरू झाल्या. मी कामाची बाई आहे, रडत बसायला मला जमत नाही. मी मनाशी काम ठरवून टाकलं: मास्तरांना ऑपरेशनच्या टेबलापर्यंत धड नेऊन पोचवायचं. बाकी सगळं त्यानंतर.

मग याद्या केल्या. याद्यांची सवय मला कचेरीत लागली आणि ती आजही आहे. बसच्या वेळा, गोळ्यांच्या वेळा, पुण्याला कुठले कागद लागतील ते. स्वयंपाकघरातली यादी सगळ्यात मोठी होती. मीठ नाममात्र. भाज्या चिरून, उकळून, ते पाणी फेकून मग फोडणी. केळी नाही, संत्री-मोसंबी नाही, टोमॅटो नाही, शहाळं तर अजिबात नाही. या सगळ्यात एक क्षार असतो, तो लघवीवाटे जातो, लघवी होत नसेल तर रक्तात साठतो आणि एकदम हृदय बंद पाडतो. डॉक्टरांनी मला हे दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा सांगताना माझ्याकडे बघत राहिले.

आणि पाणी. दिवसाचं पाणी सरबताच्या एका रिकाम्या बाटलीत बसायचं. मी सकाळी भरून ठेवायचे. गोळीबरोबरचा घोट त्यातूनच, चहा केला तर तेवढं पाणी त्यातूनच काढायचं. मास्तर घोट तोंडात धरून ठेवायचे, गालात फिरवायचे, मग गिळायचे. बाटली संपली की नुसती चूळ. ते चूळ भरताना मी न्हाणीच्या दाराशी उभी राहायचे, आणि मी उभी आहे हे त्यांना माहीत असायचं. त्यांचे ओठ कायम फाटलेले. कर्जतला तेव्हा नळाला दिवसाआड पाणी यायचं. पाणी आलं की सगळ्या गल्लीत हंडे-कळशांचा आवाज सुरू व्हायचा, आणि बोलता बोलता मास्तर गप्प व्हायचे. हंडा भरत आला की त्याचा आवाज बदलतो. तो बदलेपर्यंत ते ऐकत राहायचे.

आजाऱ्याला भेटायला जाताना आपल्याकडे लोक शहाळी नेतात. कर्जतसारख्या ठिकाणी शहाळं मिळायचं नाही, त्यामुळे ते आणणं म्हणजे मोठीच आपुलकी. कुणी नगरला गेलं की मास्तरांसाठी शहाळी ठरलेली. सायकलच्या हँडलला जाळीची पिशवी, त्यात ती हिरवीगार डोकी. आणणाऱ्याचा चेहराही फुललेला.

"वहिनी, मुद्दाम बघून आणलीत. पातळ मलईची."

मी पिशवी घ्यायचे, चहा करायचे, आणि माणूस गल्लीच्या वळणापलीकडे गेला की शहाळी शेजारी देऊन टाकायचे. शेजारची पोरं आमच्या अंगणात बसून ती प्यायची. आत्या उंबऱ्यावर बसून ते बघायच्या.

"लेकाच्या नावानं आलेलं दुसऱ्याच्या पोरांच्या पोटात," त्या एकदा म्हणाल्या.

"आत्या, त्यांना चालत नाही ते. विष आहे त्यांना."

"शहाळं विष?" त्या हसल्याच. "अगं, लघवी साफ व्हावी म्हनून तर देत्यात शहाळं. माझ्या बापाला मूतखडा हुता, शहाळ्यानं पडला. तुज्या डाक्तरला मशीन चालवायची हाय. हा बरा झाला तर त्येच्या मशीनवर कोन झोपल?"

मी डॉक्टरांचं सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं नाही ते कळत होतं. शेवटी मी दारावर कागद लावला, काय काय आणू नये त्याचा. लोकांना तो फार लागला. कचेरीत एकजण म्हणाला, "मॅडमनी आजाऱ्याच्या दारावर नोटीस डकवलीये." पीटीचे सर मास्तरांचे जिवलग मित्र, त्यांनी कागद वाचला आणि दारातूनच ओरडले, "मास्तर, यादीत मी नाही, मी येऊ का आत?"

आत्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून मास्तरांनीच एक कार्डशीट घेऊन त्यांच्यासाठी चित्रांची यादी केली. केळ्यांचा फणा, टोमॅटो, संत्रं, मिठाची बरणी, शहाळं. पोस्टर कलरनं छान रंगवलं आणि प्रत्येकावर लाल फुली मारली. चुलीच्या वरच्या भिंतीवर तो तक्ता लागला. शेजारची पोरं येऊन विचारायची, निवडणुकीला उभं कोण आहे? मास्तर सांगायचे, "सगळे पडलेत. बघता ना, फुल्या मारल्यात."

शहाळं तर इतकं हुबेहूब काढलं होतं की त्याचा देठसुद्धा ओला वाटायचा.

रंगांचं खूळ याच सुमारास आलं. मास्तरांनी जन्मभर पोस्टर कलर आणि पेन्सिल वापरली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवली. तैलरंग निवृत्तीनंतर, असं ते म्हणायचे. एके दिवशी मशीनवरून उतरल्यावर म्हणाले, "निवृत्ती घेतलीच आहे म्हणायचं. आता करतो." पुण्याला जाणाऱ्या एका शिक्षकाकडून त्यांनी ट्यूबांची पेटी मागवली. सुताराकडून लाकडी चौकट करून आणली. तिच्यावर मांजरपाट ताणून खिळे मारले, सरस लावला, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. चौकट पलंगाएवढी लांब. मी म्हटलं, एवढी मोठी ठेवायची कुठे? ते म्हणाले, "ठेवायचं नंतर बघू. आधी होऊ दे."

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी ती उभी राहिली. टर्पेंटाईनचा वास घरभर. आत्यांना ठसका लागायचा, पण त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. मी मात्र डॉक्टरांना विचारून आले. खिडक्या उघड्या ठेवा म्हणाले. तेही यादीत घातलं.

विषय ठरलेलाच होता. तालुक्याच्या दक्षिणेला भीमेच्या काठी आत्यांचं माहेर. मास्तरांच्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या होत्या. कर्जतच्या माळावर वाढलेल्या पोराला नदी म्हणजे काय ते तिथेच कळलं. काठाला करंजाची झाडं, खाली लव्हाळ्याची दाटी, वर उसाचे फड, मधे पाण्याकडे उतरणारी बैलांची वाट. मास्तरांना ते सगळं पाठ होतं, तरी त्यांना एकदा बघून यायचं होतं. मशीनच्या दुसऱ्या दिवशी, तब्येत जरा हलकी असताना, आम्ही जीप करून गेलो.

त्यांचे मामा वाटच बघत होते. घरात पाऊल ठेवायच्या आत मामींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पितळी, घासून लखलखीत, पाणी काठोकाठ. सगळे एकदम थांबलो. माझा हात पुढे गेला, पण मास्तरांनी तांब्या आधीच घेतला होता. तो हातात धरून ते जरा वेळ उभे राहिले. मग अंगणाच्या कडेला गेले, चप्पल काढली, आणि ते सगळं पाणी हळूहळू स्वतःच्या पायांवर ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत.

मामा म्हणाले, "भाचं, घोटभर तरी घ्यायचा. आईच्या म्हायेरचं पानी हाय."

"लागलं मामा," मास्तर म्हणाले. "पायाला लागलं."

विहिरीजवळ मामांची नारळाची दोन झाडं होती. मामा कोयता घेऊन निघालेच होते. मी आडवी झाले. सगळं सांगितलं. मामांनी कोयता परत अडकवला आणि आत्यांकडे बघितलं. "सून लई कडक हाय गं तुजी."

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. "तिच्या हातात हाय आता सगळं."

दुपारभर मास्तर करंजाखाली बसून रेखाटत होते. मी नदीकडे बघितलं. धरणाच्या फुगवट्याचं पाणी तिथपर्यंत यायचं, काठाला शेवाळ साचलेलं, थोडा कुबट वास होता. मला काही फार सुंदर वाटलं नाही. काठ मात्र हिरवा होता. डोळ्यांना टोचेल असा.

त्यानंतर चित्र सुरू झालं. मशीनच्या दिवशी ते चिपाडासारखे होऊन परत यायचे, दुसऱ्या दिवशी हाताला जोर असायचा, त्यानंतर पाणी साठून धाप लागायला सुरुवात. म्हणून मी चित्राचेही दिवस आखून दिले. "चित्राला टाइमटेबल?" ते म्हणाले. "हो," मी म्हटलं. मशीनच्या सुईसाठी त्यांची डाव्या मनगटाची शीर ऑपरेशन करून धमनीला जोडून घेतली होती, तिथे बोट ठेवलं तर भुंगा धरल्यासारखं गुणगुणायचं. उजवा हात त्यांनी डॉक्टरांकडून मागून घेतला होता. "हा माझ्या कामाचा आहे, याला सुई नको."

आधी टर्पेंटाईननं पातळ केलेला थर, तो वाळला की जरा दाट, तेल शेवटच्या थरांना. घाई केली तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे चिरतो. हे ते मला सांगायचे तेव्हा वर्गात उभं असल्यासारखे दिसायचे. ट्यूबमधला हिरवा ते तसाच लावू द्यायचे नाहीत. "तो प्लॅस्टिकच्या बादलीसारखा दिसतो," म्हणायचे. पिवळा आणि निळा घोटायचा, त्यात विटकरीचा एक कण. करंजाचा हिरवा काळपट, उसाचा पोपटी, लव्हाळ्याचा राखाडीकडे झुकलेला. मला आधी हे सगळं एकच दिसायचं. नंतर नंतर कचेरीत जाताना बाभळीकडे बघूनसुद्धा मी मनात म्हणायचे, यात पिवळा कमी.

काठ भरत गेला. समोरचा, पलीकडचा, वळणावरचा. मधला नदीचा पट्टा मात्र पांढराच.

"पाणी कधी काढणार?" मी एकदा विचारलं.

"काठ नक्की झाल्याशिवाय पाण्यात काय दिसणार? पाणी शेवटी."

पीटीचे सर खुर्चीवर उलटे बसून बघायचे. "मास्तर, एक म्हैस टाका. म्हशीशिवाय नदी पटत नाही."

"म्हशीला पाणी लागतं सर. माझ्याकडे एकच बाटली आहे."

सर हसले, आणि मग हसता हसता उठून अंगणात गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

पुण्याहून निरोप आला की माझी शेवटची तपासणी राहिलीये, किडनीच्या रक्तवाहिन्यांचा फोटो. ती झाली की ऑपरेशनची तारीख. त्यासाठी मला दवाखान्यात राहावं लागणार होतं. मी सगळं लावून दिलं. बाटल्या भरून ओळीनं ठेवल्या, गोळ्यांच्या पुड्या केल्या, मशीनला न्यायला पीटीचे सर. आत्यांना तक्त्यासमोर उभं करून पुन्हा एकेक चित्र दाखवलं. त्या मान डोलवत होत्या. "कळतंय गं मला. म्हातारी हाय, येडी न्हाई."

तपासणी चांगली निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी कॅलेंडर उलटलं आणि पुढच्या महिन्यातली तारीख दिली. मी दवाखान्यासमोरच्या बूथवरून आमच्या गल्लीतल्या दुकानात फोन केला. दुकानदारानं मास्तरांना बोलावून आणलं. चालत यायला त्यांना वेळ लागला, मीटर पळत होतं, मी तशीच धरून उभी.

"तारीख मिळाली," मी म्हटलं.

ते म्हणाले, "इकडे काठ झाला. आता पाणी घेतो करायला."

त्यांचा आवाज चांगला होता. अगदी मोकळा होता. एवढा मोकळा का, हे मला तेव्हा सुचलं नाही. तारखेमुळे असेल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी कर्जतला पोचले तेव्हा ते चित्रासमोरच्या खुर्चीत होते. उठले नाहीत. म्हणाले, "हातपाय माझे नाहीत असं झालंय सकाळपासून. ब्रश धरवत नाही." आत्या त्यांचे तळवे चोळत होत्या. मी नाडी बघितली, ती अडखळत होती. मग माझी नजर स्टुलाकडे गेली. तिथे वरून छाटलेली शहाळ्यांची भांडी ठेवली होती. एकात टर्पेंटाईन, एकात ब्रश उभे. लपवलेलं काहीच नव्हतं.

बोलायला वेळच नव्हता. पीटीच्या सरांनी जीप आणली. आत्यांना घरी ठेवलं. सर पुढे बसले, मी मागे मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन. कर्जत मागे पडल्यावर मी विचारलं, "कुठली होती?"

"मामाच्या झाडाची. आई जाऊन घेऊन आली. एस.टी.नं, डोक्यावर पिशवी."

"तुम्हाला माहीत होतं ना?"

"फुली मीच मारलीये."

"मग?"

रस्ता खराब होता. बोलायला त्यांना दम लागत होता. "तिची किडनी चालली नाही. तिचं काहीतरी लागू पडायला नको का?" मग थोडं थांबून म्हणाले, "आणि तहान भागली गं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा."

मिरजगाव ओलांडल्यावर त्यांच्या डाव्या मनगटावर माझं बोट होतं. गुणगुण थांबली ते मला कळलं. सरांना मी लगेच सांगितलं नाही. जीप तशीच नगरपर्यंत गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, कागद लिहिला. म्हणाले, "असे पेशंट असे अचानक जातात. कशानं ते नक्की सांगता येत नाही." मी त्यांना काही विचारलं नाही आणि काही सांगितलंही नाही. पुण्याला फोन करून तारीख रद्द केली. ती दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून त्याच दिवशी केली.

मास्तरांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. वंदना झाली, भन्तेजी बोलले, जेवणं झाली. बायका आत्यांना घेऊन बसल्या होत्या. पांढऱ्या साडीत आत्या एवढ्याशा दिसत होत्या. त्या सांगत होत्या, "माज्या हातचं शहाळं पिऊन गेला. ह्या हातानं फोडलं. असं डोळं मिटून प्याला, आन म्हनला, आई, आजून हाय का?"

"बरं केलंत आत्याबाई," एकजण म्हणाली. "जीव गार करून धाडला लेकाला."

पीटीचे सर दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं, जीपमधलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मी मान हलवली, नाही म्हणून. ते बाहेर गेले.

आत्यांनी मला हाक मारली. "व्हय गं, तुला काय बोलला का त्यो? वाटंत?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"बोलले," मी म्हटलं. "तहान भागली म्हणाले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा."

आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी वाढायला आत गेले. जे सांगितलं ते खरंच होतं, बाकीचं सांगायची मला गरज वाटली नाही. आजही वाटत नाही. उरलेलं आयुष्य मला त्या बाईबरोबर त्याच दोन खोल्यांत काढायचं होतं, आणि तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

घर आवरायला मी सुरुवात केली तेव्हा आधी औषधं काढली, मग बाटली, मग दारावरचा कागद. चुलीवरचा तक्ता काढायला हात वर केला तर आत्या मागून म्हणाल्या, "त्यो ऱ्हाऊ दे. त्याच्या हातचा हाय."

राहिला. फुल्या मारलेली केळी, फुली मारलेलं संत्रं, आणि ते ओल्या देठाचं शहाळं. रोज भाकरी थापताना समोर. आत्या फडक्यानं त्याच्यावरची राख झटकायच्या. त्यांच्या मनात काय चालायचं ते मला कळायचं नाही. मी विचारलं नाही.

चित्राला वाळायला फार दिवस लागले. करंजाचा दाट हिरवा तर कित्येक आठवडे बोटाला लागत होता. वाळल्यावर मी ते बाहेरच्या खोलीत टांगलं. मधला पट्टा अजून पांढराच आहे, आता जरा पिवळट पडलाय. येणारा प्रत्येकजण बघतो आणि म्हणतो, "आपल्याकडचीच नदी दिसतेय. काठ हिरवा अन् पात्र कोरडं." मी हो म्हणते. एकदा शाळेतल्या नव्या ड्रॉइंगच्या शिक्षकांनी मोठ्या सौजन्यानं विचारलं, पाणी मी करून देऊ का? मी नको म्हटलं. ते चांगले चित्रकार होते. त्यांच्या हातून वाईट झालं नसतं.

दशक संपत आलं तेव्हा आत्या आजारी पडल्या. शुगर पायात उतरली, मग ताप, मग अन्न जाईना. कर्जतचे डॉक्टर घरी येऊन म्हणाले, काही जात नसेल तर निदान शहाळ्याचं पाणी द्या, त्यांना चालेल. तोपर्यंत कर्जतलाही शहाळी मिळायला लागली होती, स्टँडसमोर गाडा लागायचा. मी एक फोडून घेतलं, पेल्यात ओतलं, आत्यांचं डोकं हातावर घेतलं आणि पेला ओठाला लावला.

त्यांनी वास घेतला असावा. ओठ घट्ट मिटले.

"आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय. चालतं तुम्हाला."

त्यांनी चुलीवरच्या भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. आवाज अगदी खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"त्येला फुली हाय."

मग त्यांनी तोंड फिरवलं. मी पेला खाली ठेवला. कधीपासून त्यांना कळलं होतं, मी तक्ता काढायला हात वर केला तेव्हापासून की पुण्यानुमोदनाच्या दिवसापासूनच, हे विचारायची ती वेळ नव्हती. मी त्यांना साधं पाणी चमच्यानं पाजलं. ते त्यांनी घेतलं. शहाळ्याचा पेला शेजारी देऊन आले.